टकळी आपल्या वर्गात कुठून आली?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘शाळेशी जोडलेला कोणताही विषय चालेल’ अशी मोकळीक दिली. मी टकळी निवडली. पाचवीत कार्यानुभवाच्या तासाला ती आपल्या सगळ्यांच्या हातात होती. सहावीपासून मुलींकडे लोकर आणि सुया आल्या, मुलांकडे करवत आणि रंधा. गणित आणि इंग्रजीच्या मधला तो तास आपल्याला जवळजवळ मधल्या सुट्टीसारखाच वाटायचा.

गेली काही वर्षं आपल्या तुकडीतल्या पाच मैत्रिणी आणि एक मित्र दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आपापलं काम घेऊन बसतो. कुणी सातारला, कुणी पुण्यात, कुणी डोंबिवलीला, एक जण लंडनला. एकीचा आईसाठी स्वेटर चाललेला असतो, एकीची क्रोशाची शाल, आणि मित्र हट्टाने टकळी चालवतो. शाळेत त्याला सुया मिळाल्या नव्हत्या, त्याची भरपाई तो आता मोजे विणून करतो. कुणाचा टाका सुटला की बाकीचे कॅमेऱ्याजवळ सुया नेऊन दाखवतात. अशाच एका रविवारी त्याने विचारलं, “पण हे आपल्याला शिकवायचं ठरवलं कुणी?” उत्तर कुणालाच येईना. मी दिवसभर संगणकाच्या प्रणालींमध्ये कोणती गोष्ट कुठून आली हे शोधत असते. म्हटलं, हेही शोधू.

शोध सुरू होतो तो एका गमतीदार वस्तुस्थितीपासून. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’ लिहिलं तेव्हा चरखा किंवा हातमाग आपण प्रत्यक्ष पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. १९१५ मध्ये अहमदाबादला आश्रम सुरू झाला आणि माग आणले गेले, तेव्हा पहिली अडचण आली ती शिकवणाऱ्याची. आश्रमातली मंडळी नोकरी-व्यापारातली, माग चालवणारं कुणी नाही. शेवटी पालनपूरहून एक विणकर मिळाला. पण त्याने आपली सगळी विद्या काही दिली नाही. मगनलाल गांधींना यंत्रांची उपजत जाण होती. त्यांनी उरलेलं स्वतः बघून-करून आत्मसात केलं आणि मग आश्रमात एकामागून एक विणकर तयार झाले.

माग मिळाला तरी सूत गिरणीचंच होतं. हाताने कातलेलं सूत हवं तर चरखा हवा, आणि तो कुठेच दिसेना. तो शोधला गंगाबेन मजमुदार यांनी, बडोदा संस्थानातल्या विजापूर गावी. तिथल्या कित्येक घरांत चरखे होते, पण अडगळीत पडलेले. कुणी पेळू पुरवले आणि सूत विकत घेतलं तर आम्ही पुन्हा कातू, असं त्या बायकांनी सांगितलं. आधी मुंबईच्या उमर सोबानींनी आपल्या गिरणीतून पेळू दिले. पण हातसुतासाठी गिरणीचे पेळू गांधीजींना पटेनात. मग गंगाबेननी एक पिंजारी शोधला आणि काही तरुणांना पेळू करायला शिकवलं.

मला सगळ्यांत आवडलेला तपशील मुंबईचा आहे. गांधीजी आजारी असताना मणिभवनात होते. तिथे सूत कातणारी दोन माणसं मिळाली. त्यांनी शेराला एक रुपया घेतला. ही आपल्याला लुटताहेत असं लक्षात आल्यावर गांधीजींनी त्यांच्याकडचं काम थांबवलं, पण तोवर त्या दोघांकडून काही बायका कातायला शिकून झाल्या होत्या. त्यांत अवंतिकाबाई गोखले होत्या, म्हणजे चंपारणला गेलेल्या आणि गांधीजींचं मराठीतलं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या अवंतिकाबाई. खादीच्या इतिहासात त्यांचं नाव आहे. त्यांना शिकवणाऱ्या दोघांची नावं आत्मकथेत नाहीत.

पुढचा इतिहास जरा भराभर सांगते. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. १९२९ मध्ये संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी वाचताना मला आमच्या कामातली गरजांची यादी आठवली. चरखा हलका आणि खेड्यातल्या घरात चालेल असा हवा. बाईला तो आठ तास फार न दमता चालवता यावा. आठ तासांत १६,००० फूट सूत निघावं, तेही १२ ते २० नंबरचं. किंमत १५० रुपयांच्या आत हवी आणि चरखा २० वर्षं टिकावा. (८४० यार्डांची एक गुंडी धरून एका पौंडात जितक्या गुंड्या बसतात, तितका त्या सुताचा नंबर.) ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण दरम्यान येरवड्याच्या तुरुंगात पेटीत मावणारा, दोन चाकांचा छोटा चरखा आकाराला आला. आजही तो ‘येरवडा चरखा’ म्हणूनच ओळखला जातो.

आता शाळा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद झाली. हातांच्या उद्योगातून शिक्षण, हा तिचा विषय. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबरातच तिचा अहवाल आला. त्यात कातणं आणि विणणं या उद्योगांचा इयत्तावार अभ्यासक्रम होता. मुलाने आधी टकळी शिकायची, मग चरखा. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने लगेच पुढच्या वर्षी असे प्रयोग सुरू केले. आपल्यातल्या अनेकांचे आईवडील ‘मूलोद्योग’ म्हणून कातत होते ते यामुळे. पुढे १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने शाळेत ‘कार्यानुभव’ असावा असं सुचवलं. मूलोद्योग जाऊन कार्यानुभव आला, तरी आपल्या शाळेत टकळी राहिली.

टकळीच का, हे आता मी अभियंता म्हणून सांगू शकते. ती एक सळई आणि एक चकती, एवढंच यंत्र आहे. चकतीच्या वजनामुळे ती फिरत राहते आणि पेळूतून निघणाऱ्या तंतूंना पीळ बसतो. बोटांनी तंतू किती सोडायचे आणि पीळ कुठपर्यंत चढू द्यायचा, एवढे दोनच निर्णय. कापसाचे तंतू आखूड, म्हणून पीळ कमी पडला की धागा तुटतो आणि जास्त झाला की गाठी वळतात. ही मोजमापं पुस्तकात छापता येतात, पण बोटांना ती कळतात दुसऱ्याची बोटं बघून. आपल्या बाई फळ्यावर काहीच लिहीत नसत. त्या शेजारी बसून स्वतः कातत आणि आपण त्यांच्या अंगठ्याकडे बघत असू.

याच काळातला एक माणूस आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे विद्युत अभियंता. ते बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात काम करायला आले आणि गांधीजींच्या जवळ ओढले गेले. भारतानंद हे नाव त्यांनी घेतलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८–३९ मध्ये आपली सत्ता लोकांच्या हाती दिली, त्या राज्यघटनेच्या घडणीत फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. याच अभियंत्याने ‘धनुष टकळी’ तयार केली. त्यात टकळी आडवी बसवायची आणि धनुष्याच्या ओढीने फिरवायची. ती गावातल्या गावात, हाताशी असलेल्या साहित्यातून करता यावी हा त्यामागचा विचार होता. आपल्या शाळेपासून एसटीने औंध तास-दीड तासावर. सहलीला आपण औंधचं संग्रहालय बघून आलो, पण ही गोष्ट तेव्हा कुणाला माहीत नव्हती.

माझ्या पेशालाही मागाचं देणं आहे. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग आणला. भोक असेल तर उभा धागा उचलला जातो, नसेल तर नाही. पुढे एक-दोन वर्षांतच तो माग सार्वजनिक मालकीचा ठरवला गेला आणि जॅकार्डला निवृत्तिवेतन व प्रत्येक मागामागे मोबदला मिळाला. त्याच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी घेतली. ‘एक सुलट, एक उलट’ असा नमुना वहीत लिहिणारी आपली मैत्रीण आणि दुसऱ्याने वापरावी म्हणून आज्ञावली खुली ठेवणारी मी, दोघी एकाच जातीचं काम करतो, असं मी तिला चेष्टेत सांगते.

इथपर्यंत वाचून वाटेल की विद्या वाटली की वाढते, एवढं साधं आहे. मलाही तसं वाटत होतं. गेल्या वर्षी आम्ही तिघी माणदेशात घोंगडी विणणाऱ्या एका आजोबांकडे गेलो. धनगरांनी कातरलेली लोकर, हाताने कातलेलं सूत, खड्ड्यातला माग, चिंचोक्याची खळ, सगळं त्यांनी दाखवलं. मी फोनवर चित्रण करू लागले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “ताई, हे शिकून तुम्ही विकणार का?” आम्ही नाही म्हणालो. ते म्हणाले, “तुम्ही नाही, पण दुसरं कोणी बघंल की.” गिरणीचं ब्लँकेट घोंगडी म्हणून बाजारात विकलं जातं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांच्या मुलाने माग सोडून केव्हाच गाडी चालवायला घेतली आहे.

त्या दिवसापासून पालनपूरच्या विणकराकडे मी वेगळ्या नजरेने बघते. त्याने सगळं शिकवलं नाही, कारण त्याचं पोट त्यावर होतं. आश्रमाला ते व्रत होतं, त्याला तो धंदा होता. मुंबईच्या त्या दोघांनी शेराला रुपया मागितला तोही कदाचित याच हिशेबाने. आपल्यापैकी ज्यांना महिन्याला पगार येतो, त्यांना नमुने फुकट वाटणं सोपं आहे. हा प्रश्न चरखा संघालाही टाळता आला नाही. सूत कातणाऱ्या बायकांना आठ तासांना मिळणारे पैसे इतके थोडे होते, की १९३५ मध्ये संघाने त्यांना जगण्यापुरती मजुरी देण्याचा ठराव केला. खादी महाग झाली, विक्रीची काळजी वाढली, तरी गांधीजी मागे हटले नाहीत. विद्या मोकळी करायची तर ती ज्याची आहे त्याचं नाव आणि त्याचा मोबदला आधी, असा अर्थ मी त्यातून घेते. आजोबांचं चित्रण मी कुणाला पाठवलेलं नाही. त्यांनी होकार दिला तर पाठवेन.

शाळेत आता टकळी नाही. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांची नमुन्यांची जाड वही अजून त्यांच्याकडे आहे. त्यात प्रत्येक पानावर लोकरीचा छोटा तुकडा टाचलेला आणि खाली टाक्यांचा हिशेब. काही नमुने बाईंच्या आईचे आहेत, काही आपल्या आधीच्या तुकड्यांतल्या मुलींनी घरून आणलेले, आणि बाईंनी प्रत्येकीचं नाव व वर्ष पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे. मुंबईच्या त्या दोन कातणाऱ्यांना जे मिळालं नाही, ते आपल्या शाळेतल्या सातवीच्या मुलींना मिळालं.

म्हणून या मेळाव्यासाठी माझ्या तीन विनंत्या आहेत. बाईंची वही त्यांच्या परवानगीने पानापानाचे फोटो काढून जपावी आणि कोपऱ्यातली नावं कापू नयेत. माणदेशातल्या आजोबांना मानधन देऊन मेळाव्याला बोलवावं, आणि काय दाखवायचं ते त्यांनी ठरवावं. तिसरी विनंती मुलग्यांना: या वेळी सुया तुम्हालाही मिळणार आहेत, मागे बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या कार्यानुभवाच्या खोलीत बाई दोन तास बसायला तयार आहेत. पेळू मी घेऊन येते. ज्यांच्या घरी पोटमाळ्यावर टकळी असेल, त्यांनी ती शोधून आणावी. चकती काळी पडली असेल तर चिंच-मिठाने घासा, निघते.