प्रवासातील विस्तव : धुरावरील मांसपाकाचा इतिहास व विवेक

आपल्या ज्ञातीला मांसाहार वर्ज्य नाही आणि प्रवासाची हौसही कमी नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे वाटेत मांसान्न सिद्ध कसे करावे हा प्रश्न ओघानेच येतो. अलीकडे आपली तरुण मंडळी सुट्टीत मोटारीने बाहेर पडताना पत्र्याची एक लहानशी पेटी बरोबर नेतात. तळाशी निखारे व लाकडाच्या ढलप्या, त्यावर चरबीचे थेंब झेलणारी थाळी, तिच्यावर जाळी आणि सर्वांवर घट्ट झाकण, अशी तिची रचना असते. बाजारात तिला ‘स्मोकर’ म्हणतात; प्रस्तुत लेखात तिला आपण धूरपेटी म्हणू. वस्तू परदेशी असली, तरी निखारा व धूर यांवर मांस सिद्ध करण्याची विद्या आपणांस परकी नाही. ही विद्या आपल्याकडे कोणत्या रूपाने नांदली आणि आज धूरपेटी वापरताना तिच्यापासून काय शिकावे, याचा थोडक्यात विचार करण्याचे योजिले आहे.

प्रारंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मांसाला धूर देण्याचे हेतू दोन. एक, मांस टिकविणे. दुसरा, त्यास रुची आणणे. धुरातील काही द्रव्ये मांस नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंची वाढ रोखतात हे खरे. परंतु मीठ मुरवून आणि पाणी आटवूनच ते कार्य पुरे होते, केवळ धुराने नव्हे. स्वीडन, फिनलंड यांसारख्या थंड देशांत उन्हाचा भरवसा नसल्यामुळे मासे व मांस मिठात घालून दीर्घकाळ धुरात ठेवण्याची चाल पडली. तेथील मासे पकडणारे लोक हाती नेता येण्याजोगी धूरपेटीही बाळगू लागले. पण तिचा उपयोग ताजा मासा तेथल्या तेथे शिजवून खाण्यापुरता.

आपल्या देशात टिकविण्याचे काम मुख्यतः सूर्यनारायणाने केले. कोकण किनाऱ्यावर बोंबील दोऱ्यांवर वाळतात, कोलंबी सोलून वाळविली की तिचे सोडे होतात. कोकणातून घाट चढून आलेल्या आपल्या घराण्यांच्या शिदोरीत सोड्यांना मानाचे स्थान होते, याचे कारण हेच की त्यांस वाटेत विस्तवही लागत नाही आणि बर्फही लागत नाही. घाटावर ज्या समाजांना गावगाड्याने दारिद्र्यात व बहिष्कारात ठेवले, त्यांनी मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून ‘चान्या’ केल्या आणि पोटाच्या अडचणीचे दिवस काढले. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात या आहाराची नोंद आहे. ती नोंद आपणही आदराने वाचावी. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीजांच्या सहवासाने आलेल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजांना मीठ, शिर्का व मिरची यांबरोबर उन्हाचा आणि धुराचा असा दुहेरी संस्कार होतो. सारांश, धूर एकटा कोठेच पुरा पडलेला नाही.

आता रुचीकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले. त्याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ शंभर अध्यायांचा असून त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांसपाकाचे विस्तृत वर्णन आहे. रानडुकराचे केस काढून ते भाजण्याच्या रीती, मांसाचे तुकडे शुळांत ओवून निखाऱ्यांवर फिरविणे, असे अनेक प्रकार त्यात आढळतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेला या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी आपल्या सिन्नरच्या परिसरातील सेऊणदेशाचे यादव हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणजे ज्या राज्यात हा ग्रंथ झाला, त्याच राज्यात हा नाशिक प्रांत मोडत होता. या वर्णनात लक्षणीय गोष्ट ही की, सारा भर निखाऱ्यावर आहे. ज्वाळेवर मांस करपते, निखाऱ्यावर ते शिजते, हे ज्ञान तेव्हाही पक्के होते.

राजाच्या मुदपाकखान्यातून शेताच्या बांधावर आलो, म्हणजे पोपटी दिसते. पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरावयाचा, त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा, अंडी आणि मसाला चोळलेली कोंबडी यांचे थर रचावयाचे, तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबावयाचा आणि मडके जमिनीवर पालथे घालून भोवती पेंढा, झावळ्या व गोवऱ्या पेटवावयाच्या. पाण्याचा थेंबही आत घालीत नाहीत. शेंगांचा व पाल्याचा ओलावाच वाफ पुरवितो. सुमारे अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात. ते चर्रकन उडून गेले म्हणजे पोपटी झाली. पालघरकडील उकडहंडी, वलसाडकडील उबाडियू आणि सुरतेचे उंधियू ही याच कुळातील भावंडे होत. गुजरातीत उंधू म्हणजे उलटे. पालथ्या मडक्याची खूण त्या नावातच उरली आहे.

पोपटीचे मडके हे प्रवासी पाकपात्राचा उत्तम नमुना आहे. ते कुंभाराकडे स्वस्तात मिळे, वाटेत फुटले तर हळहळ नसे. नाशिकसारख्या क्षेत्री धर्मशाळेत मांस शिजविण्याची सोय नसे; तेथे गावाबाहेर शिजवून, तेथेच जेवून, हात धुऊन परत येणे हाच मार्ग होता. यजमानाच्या भावनेस धक्का न लावण्याचा हा सभ्य रिवाज आजही पाळण्याजोगा आहे.

पुढे आगगाडी आली. १ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा मार्ग खुला झाला आणि मुंबई-नाशिक प्रवास तासांवर आला. बैलगाडीच्या मुक्कामाबरोबर वाटेवरची चूलही मागे पडली. प्रवासी पाकाची गरज मात्र संपली नाही. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली ‘इकमिक कुकर’ तयार केला. उभ्या नळकांड्यात एकावर एक डबे, खाली पाणी आणि तळाशी कोळशाची लहान शेगडी. भात, वरण व मटण एकदम लावून माणसाने आपल्या कामास जावे. कोळसे विझेपर्यंत अन्न मंद वाफेवर शिजून तयार. मडक्यातील वाफ येथे धातूच्या डब्यात आली. सोय झाली, धुराची रुची मात्र गेली. ती रुची परत मिळविण्यासाठीच आजची धूरपेटी आली आहे.

ती घ्यावयाची झाल्यास चार गोष्टी पाहाव्यात. पत्रा जाड असावा, म्हणजे उष्णता सम राहते. झाकण घट्ट बसावे व हवेची भोके कमीअधिक करता यावीत, कारण विस्तवावरचा सारा ताबा तेथूनच चालतो. पाय भक्कम असावेत. आणि जस्ताचा लेप दिलेला पत्रा कधीही नसावा, कारण तापल्यावर त्यातून अपायकारक वाफ निघते. उष्णतामापक जवळ ठेवावा. कोंबडी हाडापाशी ७४ अंश सेल्सिअस तापल्याखेरीज उतरवू नये. तयार झालेले मांस दोन तासांच्या आत, आणि भर उन्हाळ्यात तासाभरातच खावे. धूर लागला म्हणून ते टिकेल, ही समजूत सोडून द्यावी.

धुरासाठी पेरूचे किंवा आंब्याचे सुके लाकूड उत्तम. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागांची एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. त्या काड्यांवर भाजलेल्या मांसाची फ्रान्समध्ये मोठी वाखाणणी आहे. परंतु आपल्या बागांवर औषधांची फवारणी फार असते. सबब फवारणी न केलेल्या वेलीचीच काडी घ्यावी. रंग दिलेले लाकूड अजिबात वापरू नये. कण्हेर सर्वांगी विषारी आहे. तिची काडी जाळण्यासही नको आणि मांस ओवण्यासही नको.

एवढाही खटाटोप नको असेल, तर आपल्या स्वयंपाकघरातील धुंगार आहेच. शिजलेल्या मांसाच्या पातेल्यात वाटी ठेवावी, वाटीत धगधगता निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि वर लगेच झाकण. याहून लहान धूरपेटी जगात कोणी केली असेल असे वाटत नाही.

आता लेखाचा मुख्य मुद्दा. पोपटी लावणारा मनुष्य उघड्या शेतात असे. विस्तवाची पारख त्याला बापाकडून, चुलत्याकडून मिळालेली असे. आजची पेटी दुकानात मिळते, ती पारख दुकानात मिळत नाही, आणि तेथेच घात होतो. पेटत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. बंद खोलीत, तंबूत वा मोटारीत शेगडी ठेवून झोपी गेलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा वार्ता दर हिवाळ्यात येतात. पाऊस आला म्हणून पेटी आत घेऊ नये. विझल्यासारखा दिसणारा निखाराही हा वायू सोडीत असतो. आगगाडीत तर विस्तवाचे नावच नको. २६ ऑगस्ट १९२३ नव्हे, तर अगदी परवाच्या २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या डब्यात चोरून नेलेल्या गॅसच्या सिलिंडरमुळे आग लागली आणि किमान नऊ जण प्राणास मुकले. तीही आपल्यासारखीच देवदर्शनास निघालेली माणसे होती. राखीव वनात अग्नी पेटविणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, हेही गडकोट चढणाऱ्यांनी विसरू नये. निघण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतावे, राख ढवळावी आणि हाताला थंड लागेपर्यंत जागा सोडू नये.

ज्ञातीतील वडीलधाऱ्यांस एक विनंती करून लेखणी आवरती घेतो. येत्या थंडीत आपल्या मंडळाचे वनभोजन निघेल, तेव्हा परवानगी असलेल्या मोकळ्या रानात एक मडके पालथे घालावे. शेंगा मुलांनी भराव्यात, पाला मुलींनी दाबावा, पाण्याचे शिंतोडे आजोबांनी मारून दाखवावेत आणि राख सर्वांनी मिळून विझवावी. विस्तव लावावा कसा याइतकेच तो विझवावा कसा हेही पुढच्या पिढीच्या हाती देणे, हे आपणा वृद्धांचे कर्तव्य होय.