उंबरठ्यावरून लिहिलेली अमेरिका

१७९० साली अमेरिकेत दोन कागद तयार झाले. मार्चमध्ये काँग्रेसने नागरिकत्वाचा पहिला कायदा संमत केला आणि बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसालाच नागरिक होता येईल असे ठरवले. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला गेले. तिथल्या ज्यू मंडळींनी त्यांना मानपत्र दिले. उत्तरादाखल वॉशिंग्टन यांनी लिहिले की, हे सरकार धर्मद्वेषाला थारा देणार नाही आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य ही एका वर्गाने दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी नाही. अमेरिकन राजकीय विचारांच्या संग्रहांत हे पत्र अजून मानाने छापले जाते. त्यातला सर्वांत गाजलेला शब्दप्रयोग मात्र मुळात वॉशिंग्टन यांचा नव्हता. ज्यू समाजाच्या वतीने मानपत्र लिहिणाऱ्या मोझेस सेशस यांच्या मजकुरातून तो त्यांनी जवळजवळ जसाच्या तसा घेतला होता.

आपल्या विषयाचे मर्म या एका प्रसंगात सापडते. अमेरिका म्हणजे काय, हे सांगणारे ठळक शब्द पुष्कळदा अशा माणसांनी लिहिले, ज्यांना आपण अमेरिकन ठरतो की नाही याचीच खात्री नव्हती. सत्तेने ते शब्द मागाहून आपलेसे केले. त्याच सुमारास दुसऱ्या कागदाने आणखी कोणासाठी तरी दार लावून घेतले होते. स्थलांतर, धर्म, साहित्य आणि लोकसंस्कृती या चार अंगांनी अमेरिकन अस्मिता समजून घेताना हे दोन्ही कागद शेजारी ठेवावे लागतात. या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला तशी सवय लागावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

आधीच्या अभ्यासकांनी एकच कागद वाचला, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. १८९३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेली सर्वधर्मपरिषद विवेकानंदांमुळे आपल्याला ठाऊक आहे. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने, परिषदेच्या दोन महिने आधी, फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण इतिहासकाराने एक निबंध वाचला. पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या सीमेवर, मोकळ्या जमिनीशी झुंजताना युरोपीय माणसाचा अमेरिकन माणूस झाला, असे त्याचे प्रतिपादन होते. ही जमीन मोकळी नव्हती. तिथे मूळ रहिवाशांची राष्ट्रे नांदत होती. तरी पुढच्या दोन पिढ्या त्या निबंधाच्या प्रभावाखाली राहिल्या.

१९०८ साली इझ्रायल झँगविल यांचे ‘द मेल्टिंग पॉट’ हे नाटक वॉशिंग्टनमध्ये रंगमंचावर आले आणि सगळे वंश एका मुशीत वितळून नवा माणूस घडतो ही कल्पना घरोघरी पोचली. झँगविल स्वतः लंडनचे ज्यू लेखक होते. जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत आलेल्या होरेस कॅलन यांनी १९१५ मध्ये या कल्पनेला विरोध केला. वितळून एकजीव होण्यात लोकशाही नाही. वेगवेगळ्या वाद्यांनी आपापला सूर राखून एकत्र वाजण्यात आहे, असे त्यांचे म्हणणे. पण कॅलन यांच्या वाद्यवृंदातही कृष्णवर्णीयांना धड जागा नव्हती. मूस असो की वाद्यवृंद, त्यात कोणाला घ्यायचे हे आधीच कोणीतरी ठरवलेले असते, हा धडा या क्षेत्राला पुढे फार उपयोगी पडला.

हे ठरवण्याचे काम सर्वांत उघडपणे कायद्याने केले. म्हणून स्थलांतराचा इतिहास वाचताना एलिस बेटावरच्या आकड्यांबरोबर न्यायालयांचे निकालही वाचावेत. १८९२ ते १९५४ या काळात न्यूयॉर्कच्या या बेटावरून सुमारे सव्वा कोट माणसे अमेरिकेत शिरली. ती कथा अभिमानाने सांगितली जाते, आणि ती खरीही आहे. पण बेट उघडण्याच्या दहा वर्षे आधी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा झाला होता. त्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोत रान उठवणाऱ्यांचा पुढारी डेनिस कियर्नी हा स्वतः आयर्लंडहून आलेला होता. आत शिरलेल्याने मागचे दार लावून घ्यायचे, हा प्रकार या इतिहासात वारंवार दिसतो.

त्याच शहरात १८७३ साली चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क हा स्वयंपाकी १८९५ मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याला बंदरावरच अडवण्यात आले. तो न्यायालयात गेला. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिकच आहे. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर आज जे वाद झडतात त्यांचा मुख्य आधार एका स्वयंपाक्याचा खटला आहे. मूळ रहिवाशांपैकी असलेल्या जॉन एल्क यांना मात्र त्याच न्यायालयाने १८८४ मध्ये नागरिक मानायला नकार दिला होता. त्यांचे पूर्वज कुठून आलेलेही नव्हते. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ मध्ये.

भारतीय वाचकाने भगतसिंग थिंद यांचा खटला अवश्य पाहावा. पंजाबात जन्मलेले थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. आपण आर्य, उच्चवर्णीय, म्हणून कॉकेशियन, आणि म्हणून गोरे, असा त्यांचा दावा होता. तो मांडताना त्यांच्या बाजूने असेही सांगण्यात आले की, उच्च जातीचा हिंदू भारतातल्या आदिवासींकडे लग्नसंबंधांच्या बाबतीत तसाच पाहतो, जसा गोरा अमेरिकन कृष्णवर्णीयांकडे. १९२३ मध्ये न्यायालयाने हा दावा फेटाळला. शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य गोरा माणूस यांना गोरे समजत नाही, असा निकालाचा रोख होता. त्यानंतर अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. थिंद यांच्या वकिलांपैकी सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच वेळ आली. ते लढले आणि त्यांनी आपले नागरिकत्व टिकवले. माजी सैनिक म्हणून थिंद यांना १९३६ मध्ये अखेर नागरिकत्व मिळाले. अमेरिकेच्या दारात उभे राहण्यासाठी माणूस घरची जात सोबत घेऊन गेला, ही गोष्ट आपल्याला अस्वस्थ करते. ती करायलाच हवी.

धर्माकडे वळल्यावर चित्र काहीसे बदलते. घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ मध्ये आली आणि राष्ट्राला अधिकृत धर्म नसेल हे ठरले. व्यवहारात सार्वजनिक जीवनावर प्रॉटेस्टंट पंथांचा ठसा होता. सरकारी शाळेत कोणते बायबल वाचायचे, यावरून पेटलेल्या वादात १८४४ साली फिलाडेल्फियात दंगली झाल्या आणि कॅथलिक चर्चना आगी लावल्या गेल्या. कॅथलिकांनी स्वतःच्या शाळा उभारल्या, इस्पितळे काढली, राजकारणात शिरकाव केला. १९२८ मध्ये आल स्मिथ हे कॅथलिक उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले. १९६० मध्ये जॉन केनेडी जिंकले, पण त्याआधी त्यांना ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर उभे राहून आपली निष्ठा पोपपेक्षा घटनेवर आहे हे पटवून द्यावे लागले.

विल हर्बर्ग या समाजचिंतकाने १९५५ मध्ये एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. स्थलांतरिताने भाषा सोडावी, पेहराव सोडावा अशी अपेक्षा असते. धर्म मात्र त्याला ठेवता येतो. म्हणून नातवंडे आजोबांची भाषा विसरतात आणि आजोबांच्या देवळात परततात. हर्बर्ग यांच्यासमोर प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू हे तीनच समाज होते. पण त्यांचे सूत्र नंतर आलेल्यांनाही लागू पडले. १९६५ च्या कायद्याने देशवार कोटे संपवले आणि कौटुंबिक नाती व व्यावसायिक कौशल्य यांना प्राधान्य दिले. त्यातून गेलेल्या भारतीय डॉक्टर-अभियंत्यांनी देवळे बांधली. न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगचे गणपतीचे देऊळ १९७७ चे. मराठी मंडळांचा गणेशोत्सवही याच नियमाने वाचता येतो. पुढच्या पिढीची मराठी अडखळते, आरती चालू राहते.

धर्म हे बंडाचे साधनही होते. फिलाडेल्फियातल्या चर्चमध्ये मिळणाऱ्या अपमानाला कंटाळून रिचर्ड ॲलन आणि त्यांचे कृष्णवर्णीय सोबती बाहेर पडले. त्यातून १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. उमर इब्न सईद हा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला मुस्लिम विद्वान. त्याने १८३१ मध्ये उत्तर कॅरोलिनात आपले आत्मचरित्र अरबीत लिहिले. अमेरिकन साहित्य केवळ इंग्रजीत घडले, असे समजणाऱ्याने या पुस्तिकेपासून सुरुवात करावी.

साहित्याच्या बाबतीत परंपरा कशी निवडली जाते याचा उत्तम नमुना म्हणजे एफ. ओ. मॅथीसन यांचा १९४१ चा ‘अमेरिकन रेनेसान्स’. १८५० ते १८५५ या अवघ्या सहा वर्षांभोवती त्यांनी ग्रंथ रचला आणि इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेल्विल, व्हिटमन हे पाच लेखक केंद्रस्थानी बसवले. ग्रंथ थोर आहे. पण याच सहा वर्षांत हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ आली, आणि व्हिटमन यांच्या ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’च्याच वर्षी, १८५५ मध्ये, गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे दुसरे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मॅथीसन यांनी उभारलेल्या दालनात या दोघांना जागा मिळाली नाही. त्यानंतरची अमेरिकन समीक्षा हे दालन मोठे करण्यात गुंतली आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर १९१० ते १९४० दरम्यान अडकवून ठेवलेल्या चिनी लोकांनी बराकींच्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता १९७० मध्ये, इमारत पाडण्याच्या बेतात असताना, नजरेत भरल्या. आज त्या अमेरिकन कवितेच्या संग्रहांत आहेत.

लोकसंस्कृतीत तर ओळखीची देवघेव कोणाला न विचारता होते. रशियन साम्राज्यातून पाच वर्षांचा असताना आलेल्या अर्व्हिंग बर्लिन या ज्यू संगीतकाराने ‘गॉड ब्लेस अमेरिका’ रचले आणि ‘व्हाइट ख्रिसमस’ही. दुसऱ्या ग्रहावरून आलेला, नाव बदलून शेतकऱ्याच्या घरी वाढलेला सुपरमॅन १९३८ मध्ये ज्यू स्थलांतरितांच्या दोन मुलांनी जन्माला घातला. पण एकच कलाकृती निवडायची तर मी १९२७ चा ‘द जॅझ सिंगर’ निवडेन. सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणाऱ्या बापाचा मुलगा घर सोडून रंगमंचावर जातो, अशी त्याची कथा. नायक झालेला आल जोल्सन स्वतः लिथुआनियातून आलेल्या अशाच गायकाचा मुलगा. स्थलांतर, धर्म आणि नवे संगीत एका पडद्यावर एकत्र येतात. आणि हा मुलगा अमेरिकन कसा होतो? तोंडाला काळे फासून, कृष्णवर्णीयाची नक्कल करत गाऊन. ज्यांच्या संगीताच्या नावाने चित्रपट ओळखला जातो, त्यांना त्यात स्वतःचा चेहरा घेऊन उभे राहता येत नाही. थिंद यांचा युक्तिवाद आणि हा मुखवटा यांचे नाते उघड आहे.

मराठी वाचकाला हे क्षेत्र नवखे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेलेल्या पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिले. स्त्रियांच्या संस्थांचे कौतुक करताना त्यांनी वर्णद्वेषावर पांघरूण घातले नाही. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्या नावातच ओकलंडच्या ब्लॅक पँथरचा संदर्भ होता. या सर्वांनी अमेरिकेकडे स्वप्ननगरी म्हणून पाहिले नाही; तिच्या जाहीरनाम्याचा आणि व्यवहाराचा मेळ ते तपासत होते. आपल्याकडे अमेरिकेवरची प्रवासवर्णने विपुल असताना ही दृष्टी मागे पडली. ती पुन्हा हाती घ्यायला हवी.

या विषयात शिरण्यासाठी क्रम पाळण्याची गरज नाही. कोणाला खटल्यांतून वाट सापडेल, कोणाला कादंबरीतून, कोणाला गाण्यातून. मात्र समोर येणाऱ्या प्रत्येक मजकुराला तीन प्रश्न विचारावेत : हा कोण लिहितो आहे, तो कोणाकडे काय मागतो आहे, आणि ते मिळवताना तो कोणाला बाहेर ठेवतो आहे? पहिले दोन प्रश्न विचारले की सेशस आणि वाँग यांच्याबद्दल आदर वाटू लागतो. तिसरा विचारला की कियर्नी, थिंद आणि जोल्सन कळू लागतात. तिन्ही प्रश्न टाळून अमेरिकेची केवळ स्तुती किंवा केवळ निंदा करणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ती वाचायला अभ्यास लागत नाही.

या क्षेत्रात शेवटचा शब्द कोणाचाच नाही, कारण १७९० चा वाद मिटलेला नाही. दर पिढीत नवे कोणीतरी येते आणि जुन्या वचनाची आठवण करून देत आपले मागणे मांडते. ते मागणे नीट वाचणारे अभ्यासक मराठीत अजून थोडे आहेत. ज्यांना त्यांत भर घालावीशी वाटते, त्यांचे मनापासून स्वागत.