बोगद्यापलीकडचा बर्फ

टोकियोतला एखादा नोकरदार माणूस हिवाळ्यात रविवारी सकाळी घरून निघतो, सव्वा-दीड तास शिंकानसेनमध्ये बसतो, दिवसभर स्की करतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी परततो. ही एका दिवसाची सहल शक्य कशी झाली, आणि ती कोणाच्या बर्फावर होते, एवढाच आजचा विषय.

आधी थोडा भूगोल. हिवाळ्यात सैबेरियाकडून थंड, कोरडे वारे निघतात. जपानच्या समुद्रावरून येताना ते बाष्प उचलतात आणि होन्शू बेटाच्या कण्यासारख्या डोंगररांगेला अडून पलीकडेच बर्फ टाकतात. अलीकडे टोकियोत लख्ख ऊन. पलीकडे, जुन्या एचिगो म्हणजे आजच्या निगाता प्रांतात, माणूस बुडेल इतका बर्फ. युझावा हे गाव तिथलं, डोंगराच्या पायथ्याचं.

युझावाच्या शेजारी शिओझावा नावाचं गाव आहे. तिथे सुझुकी बोकुशी नावाचा कापडाचा व्यापारी राहत असे, जन्म १७७०. त्याने ‘होकुएत्सु सेप्पु’ हे बर्फाच्या मुलखाबद्दलचं पुस्तक लिहिलं. ते छापून यावं म्हणून त्याला जवळपास ४० वर्षं एदोतल्या, म्हणजे तेव्हाच्या टोकियोतल्या, लेखक-प्रकाशकांच्या विनवण्या कराव्या लागल्या. १८३७ मध्ये ते एकदाचं निघालं. त्यातला त्याचा मुद्दा साधा आहे. शहरातल्या लोकांना थोडा बर्फ पडला की मौज वाटते, ते मद्य घेऊन बघायला बसतात, कविता करतात. आमच्याकडे तोच बर्फ वर्षानुवर्षं छपरावरून उपसावा लागतो, त्याखाली घरं दबतात, माणसं गाडली जातात. आता गंमत बघा, याच काळात तिकडे कांट लिहून गेला होता की निसर्गाचं रौद्र रूप भव्य वाटतं ते आपण सुरक्षित जागी असलो तरच. १७९० चा ग्रंथ. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. पण कांटने सुरक्षित माणसाची बाजू मांडली आणि बोकुशीने दुसऱ्याची, असं मला नेहमी वाटत आलंय.

स्की जपानमध्ये आली ती करमणूक म्हणून नाही बरं का. १९११ च्या जानेवारीत थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अधिकाऱ्याने निगाता प्रांतातल्याच ताकादा इथे जपानी सैनिकांना ती शिकवली. शहरी माणूस मोठ्या संख्येने यायला मात्र डोंगर फोडावा लागला. १९३१ मध्ये ९.७ किलोमीटरचा शिमिझु बोगदा सुरू झाला आणि लांबचा वळसा वाचला. कावाबाताची ‘युकिगुनी’ ही कादंबरी याच बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीने सुरू होते. तिचा नायक टोकियोचा, खाऊनपिऊन सुखी, अन् युझावा त्याच्यासाठी चार दिवस येऊन जाण्याची जागा! ते लोक मात्र उलट दिशेने जायचे. हिवाळ्यात शेत बर्फाखाली, म्हणून मद्याच्या भट्ट्यांवर, पुढे बांधकामांवर कामाला. घरी बायका आणि म्हातारी माणसं.

याच निगाताचे काकुएई तानाका. १९४६ च्या निवडणुकीत त्यांनी सांगितलं म्हणतात, की मिकुनी खिंडीचा डोंगर सुरुंगाने उडवू, वारे सरळ टोकियोकडे जातील, आपल्याकडे बर्फच पडणार नाही. लोक हसले असतील, पण ते बोलणं कुठून आलंय हे त्यांना नक्की कळलं असणार. तानाका निवडणूक हरले, पुढच्या वर्षी जिंकले, १९७२ मध्ये पंतप्रधान झाले. डोंगर काही उडाला नाही. त्याच्या पोटातून २२ किलोमीटरचा नवा बोगदा गेला आणि १९८२ मध्ये निगाताची शिंकानसेन धावू लागली. या मार्गामागे तानाकांचं वजन होतं असंच सगळे मानतात. १९८५ मध्ये द्रुतगती महामार्गही पुरा झाला.

पूर्वी रात्रीच्या गाडीने येऊन मुक्काम करणारा माणूस आता संध्याकाळी परत जाऊ लागला. १९९० च्या डिसेंबरात तर गाला युझावा हे स्थानकच स्कीसाठी उघडलं. तिथवरचा रुळांचा फाटा मुळात रेल्वेच्या देखभालीच्या कामाचा. गाडीतून उतरा, त्याच इमारतीत बूट-स्की भाड्याने घ्या, तिथूनच पाळण्यात बसून डोंगरावर जा. गावात पाय ठेवायची गरजच नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती हीच.

नाही म्हणायला शहराने गावात पैसा ओतला. तेजीच्या त्या वर्षांत युझावात सुट्टीतल्या घरांचे उंचच उंच मनोरे उठले, सुमारे १५ हजार सदनिका, गावची वस्ती मात्र आठ-नऊ हजारांची. लोक थट्टेने ‘टोकियो महानगर, युझावा गाव’ म्हणू लागले. मग तेजी फुटली, स्कीची लाटही ओसरली. कधीकाळी कर्ज काढून घेतलेल्या त्यांतल्या काही सदनिका पुढे १ लाख येनला विकायला निघाल्या, तरी गिऱ्हाईक येईना, कारण दरमहा देखभालीचा खर्च चुकत नाही.

गालाची गाडी आजही हिवाळ्यात धावते. आणि छपरावरचा बर्फ उतरवताना निगातासारख्या प्रांतांत दरवर्षी माणसं पडून दगावतात. त्यांत माझ्या वयाची जास्त.