कॅल्शियम, आहारातील : जड धातूंपासून संरक्षण (वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात)

कॅल्शियम, आहारातील : अन्नातून मिळणारे हे खनिज हाडांना बळकटी देते, तसेच शिसे व कॅडमियम या विषारी धातूंचे शरीरातील शोषणही काही प्रमाणात रोखते. हे दोन्ही धातू आतड्यातून रक्तात शिरतात ते बऱ्याच अंशी कॅल्शियम आणि लोह यांच्याच वाटांनी. जेवणात कॅल्शियम कमी पडले की शरीर ते जास्त ओढून घेऊ लागते आणि त्यासोबत शिसेही आत येते. कॅल्शियम कमी दिलेल्या उंदरांच्या शरीरात शिसे अधिक साठते, हे 1970 मधील प्रयोगात दिसले. प्रौढांच्या शरीरातील 90 टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते. गरोदरपणात व अंगावर पाजताना हाडांतले कॅल्शियम सुटते, तेव्हा वर्षानुवर्षे साठलेले शिसेही रक्तात उतरून बाळापर्यंत जाते. जपानमधील जिंझू नदीकाठी कॅडमियममुळे झालेला ‘इताई-इताई’ हा हाडांचा रोग मुख्यतः अनेक बाळंतपणे झालेल्या वयस्क स्त्रियांना जडला, हेही याच संदर्भात पाहावे लागते.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न ताटापासून सुरू होतो. प्रौढाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची 2020 ची शिफारस आहे. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात ते जेमतेम 25 ते 30 मिलिग्रॅम असते, म्हणजे भाकरी, तुरीचे वरण आणि ठेचा एवढ्यावर ही गरज भागणे शक्य नाही. सोयाबीनमध्ये ते बरेच असते, पण शेतातले सोयाबीन बाजारात जाते, घरात शिजत नाही. आर्वीकडची गवळाऊ गाय आणि जमनालाल बजाज यांनी गोपुरीत उभे केलेले गोसेवेचे काम यांमुळे दुधाचा विचार इथे जुना आहे. तरी दूध विकून तेल-मीठ आणणाऱ्या घरात ते पोरांच्या वाट्याला किती येते, हाच खरा प्रश्न. दुसऱ्या बाजूला धातू येण्याच्या वाटाही आहेत. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोळण्याचे प्रकार बांगलादेशात आणि भारताच्या काही भागांत उघड झाले आहेत. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ओळखीच्या शेतकऱ्याकडून अशी बिनपॉलिशची हळकुंडे घेऊन दळण्याची सोय इथल्या गृहिणीला आहे, ती सोडू नये. खर्ऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम पानांत साठवते, आणि पन्नीत सुपारी-चुन्याबरोबर घोटलेली तीच पाने दिवसभर तोंडात राहतात.

चुन्यात कॅल्शियम असतेच, मग खर्ऱ्यातून तेही मिळते, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे : तोंडाची आतली त्वचा जाळणारा चुना थुंकण्यातच अधिक जातो, आणि त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे तंबाखूतील निकोटिन अधिक वेगाने अंगात भिनते. कॅल्शियम शिशाला रोखते या म्हणण्यावरचा अभ्यासकांचा आक्षेप वजनदार आहे. लहान मुलांना वरून कॅल्शियम देऊन केलेल्या अमेरिकेतील चाचण्यांत रक्तातील शिशात टिकाऊ घट झाली नाही. मात्र त्या मुलांना आधीच पुरेसे कॅल्शियम मिळत होते. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतून तहान किती भागते हे मोजता येत नाही. मेक्सिको सिटीत गरोदर स्त्रियांना रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यावर रक्तातील शिसे सरासरी 11 टक्क्यांनी उतरले. हा फायदा माफक आहे, आणि तो माफकच सांगितला पाहिजे. कॅल्शियम हा विषावरचा उतारा नव्हे. शिशाची बाधा झालेल्या मुलाला रक्ततपासणी आणि शिशाच्या स्रोतापासून सुटका हवी. हाडांच्या भुकटीच्या किंवा शिंपल्यांच्या गोळ्यांत तर स्वतःच शिसे असू शकते. म्हणून तीळ, जवसाची चटणी, शेवग्याचा पाला, ताक-दही यांवर भर देणे अधिक शहाणपणाचे. गरोदर स्त्रियांना सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा 500 मिलिग्रॅमची गोळी मिळते. ती लोहाच्या गोळीसोबत न घेता दोन तासांच्या अंतराने घ्यावी, कारण कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते आणि लोह कमी पडले की कॅडमियम अधिक शोषले जाते.