पोथीतील हिंगुळापासून रंगीत पारदर्शिकेपर्यंत

वाचताना अडखळणाऱ्या मुलाला पानावर ठेवण्यासाठी रंगीत पारदर्शिका, म्हणजे पिवळ्या, निळ्या किंवा गुलाबी प्लास्टिकचा पातळ कागद, देण्याची पद्धत आज डिस्लेक्सियाशी जोडली जाते. बुद्धी आणि दृष्टी चांगली असूनही अक्षर व ध्वनी यांची सांगड घालणे जड जाते आणि त्यामुळे वाचन रखडते, अशा अवस्थेला डिस्लेक्सिया म्हणतात. वाचकासाठी रंग वापरण्याची चाल मात्र या पारदर्शिकेहून फार जुनी असून तिचे कुळही निराळे आहे.

नागरी लिपीतील हस्तलिखित पोथ्यांत शब्द बहुधा सलग लिहिले जात. त्या अखंड काळ्या ओळीत कोठे थांबायचे हे कळावे म्हणून अनेक लेखनिक दंड, श्लोकांक आणि पुष्पिका, म्हणजे अध्यायाच्या शेवटी येणारे समाप्तिवाक्य, हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहीत किंवा त्यांवर गेरू चोळीत. चुकलेले अक्षर हरताळाच्या पिवळ्या लेपाने झाकले जाई. येथे रंगाचे काम मजकुराची रचना उघड करण्याचे होते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहातून पुढे आलेल्या सुट्या अक्षरांच्या संचात स्वर आणि व्यंजने वेगवेगळ्या रंगांत असत, तेव्हा तेथेही हेच तत्त्व होते.

पारदर्शिकेचे कुळ मात्र नेत्रवैद्यकातले आहे. ‘डिस्लेक्सिया’ ही संज्ञा १८८७ च्या ग्रंथात मांडणारे रूडोल्फ बर्लिन हे श्टुटगार्टचे नेत्रवैद्य होते आणि जन्मजात शब्दांधत्वावर १९१७ साली पुस्तक लिहिणारे जेम्स हिन्शलवुड हे ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद होते. हे दोघेही या दोषाचे मूळ मेंदूत शोधत असले, तरी असा रुग्ण आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात असल्यामुळे वाचनाचा दोष म्हणजे पाहण्याचा दोष, ही समजूत लोकांत टिकून राहिली. न्यूझीलंडमधील शिक्षिका ऑलिव्ह मियर्स यांनी १९८० साली असे नोंदवले की काही मुलांना पांढऱ्या कागदावरील काळी छपाई झळाळणारी व अस्थिर भासते आणि कागद रंगीत असला की हा त्रास उणावतो. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ हेलन अर्लन यांनी १९८३ मध्ये याच निरीक्षणांशी मिळतीजुळती उपचारपद्धती मांडली, या त्रासाला स्वतंत्र विकाराचे नाव दिले आणि रंगीत भिंगांचा प्रसार केला. त्यानंतर ब्रिटनमधील आर्नल्ड विल्किन्स यांनी प्रत्येकाला मानवणारी छटा नेमकेपणाने शोधणारे यंत्र तयार केले व या त्रासाला ‘दृश्यताण’ म्हटले.

या दाव्यांची परीक्षा झाली तेव्हा निष्कर्ष प्रतिकूल निघाला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात डिस्लेक्सिया हा मुळात भाषेशी निगडित दोष असून रंगीत भिंगे व पारदर्शिका यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे स्पष्ट केले. स्कॉटलंडमधील संशोधकांनी २०११ साली वाचनात मागे असलेल्या ६१ मुलांची चाचणी घेतली, तेव्हा खास निवडून दिलेली छटा, दुसरीच कोणतीतरी छटा आणि रंगहीन पारदर्शिका यांत वाचनाच्या दृष्टीने लाभदायक फरक आढळला नाही. काहींना रंगीत पानावर डोळ्यांना बरे वाटते, हे यामुळे खोटे ठरत नाही; पण डोळ्यांना बरे वाटणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून मुलाची वाचनातील अडचण नेमकी कशाची आहे हे ओळखावे लागते, आणि पांढुर्णा व सौंसर या भागात ते विशेष महत्त्वाचे ठरते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यासह हा मराठीभाषक पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. येथे घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशी अनेक मुलांची स्थिती असते, आणि लिपी एकच असल्यामुळे मुलाची अडचण अपरिचित भाषेची आहे की अक्षर-ध्वनीच्या सांधणीची, हे एका भाषेतील परीक्षेवरून ठरत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेला ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत असल्याने अशा सीमाभागाला तो उपयोगी आहे. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत दिलेल्या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या होत्या. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला अपंगत्वाच्या यादीत स्थान देणारा २०१६ चा केंद्रीय कायदा मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना लागू आहे.

देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते पण तिचा उच्चार नंतर होतो, उकार अक्षराखाली जातो, रफार शिरोरेषेवर चढतो. म्हणून मात्रा एका रंगात आणि मूळ अक्षर दुसऱ्या रंगात लिहून प्रत्येक खुणेचा ध्वनी सावकाश शिकवणे ही पोथीतील हिंगुळाच्या कुळातील युक्ती ठरते, कारण तिच्यात रंग शिकवण्याला साहाय्य करतो आणि अक्षरे ओळखू येऊ लागली की तो काढून टाकता येतो. पारदर्शिकेने एखाद्या मुलाला आराम वाटत असेल तर ती काढून घेण्याचे कारण नाही. मात्र तिच्यावर विसंबून ध्वनी व अक्षर यांचे पद्धतशीर अध्यापन लांबणीवर टाकले, तर त्यात मुलाची शिकण्याची महत्त्वाची वर्षे खर्ची पडतात.