गोचीड, वस्त्र आणि कीटकनाशक : एका संरक्षणपद्धतीचा इतिहास

मराठीत ‘गोचीड’ हा शब्द उच्चारताच प्रथम गुरांचे स्मरण होते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात सडाशी बिलगून असताही दुधाचा अव्हेर करून रक्तच सेवन करणाऱ्या गोचिडीचा दृष्टान्त आला आहे. ‘गोचिडीसारखा चिकटणे’ हा बोलीतील वाक्प्रचारही गोठ्यातील अनुभवावरूनच सिद्ध झाला असावा. या दोन्ही ठिकाणी गोचीड ही जनावराच्या अंगावरची आहे. ती माणसालाही दंश करते आणि त्या दंशातून प्राणघातक ज्वर उद्भवू शकतो, हे शास्त्रीय ज्ञान मात्र विसाव्या शतकातील आहे. ते प्राप्त झाल्यावर रानात वावरणाऱ्या माणसाचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न उभा राहिला. त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी एक उत्तर म्हणजे अंगावरील वस्त्रालाच कीटकनाशकाचे संस्कार करणे. या पद्धतीचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, तिच्या प्रत्येक टप्प्यावर रसायन बदलत गेले, परंतु ते ज्या वस्त्रावर चढवावयाचे त्याची कल्पना फारशी बदलली नाही. ते वस्त्र बहुतेक वेळी सैनिकाचा गणवेश हेच होते.

अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या बिटररूट खोऱ्यात अंगावर पुरळ उठविणाऱ्या एका घातक ज्वराचा अभ्यास करीत असता हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ मध्ये असे सिद्ध केले की, हा रोग गोचिडीच्या दंशाने पसरतो. १९३७ मध्ये सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील अरण्यात मेंदुज्वराचे कारण शोधण्यासाठी लेव्ह झिल्बेर यांच्या नेतृत्वाखाली एक पथक गेले. तेथील रोगाचा विषाणू व त्याची वाहक गोचीड या दोहोंचा शोध त्या पथकाने लावला, परंतु त्याची किंमतही मोजली. पथकातील तरुण संशोधक मिखाईल चुमाकोव्ह यांना स्वतःलाच हा रोग जडला आणि त्यांच्या उजव्या हाताचे सामर्थ्य व बरीचशी श्रवणशक्ती कायमची गेली. ज्यांना गोचिडीची पूर्ण जाण होती त्यांनाही तिच्यापासून स्वतःचा बचाव करता आला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी वस्त्राचे कार्य केवळ आडोशाचे होते. विजारीचे पाय मोज्यांत खोवावयाचे, बाह्या मनगटाशी घट्ट बांधावयाच्या आणि दिवसातून अनेकदा अंग तपासावयाचे, एवढेच उपाय उपलब्ध होते. परंतु गोचिडीचे लहान रूप खसखशीच्या दाण्याएवढे असते. शिवणीची फट, गुंडीचे काज, सैल पडलेली कड यांपैकी कोणतीही वाट तिला पुरते. उष्ण व दमट हवेत असा बंदिस्त पोशाख दिवसभर सहन करणेही कठीणच. सोव्हिएत परोपजीवशास्त्रज्ञ येव्गेनी पाव्लोव्स्की यांच्या नावाने ओळखली जाणारी जाळी या संदर्भात उद्बोधक आहे. मासे धरण्याच्या जाळ्याचा एक तुकडा कीटकांना अप्रिय अशा द्रवात भिजवून तो डोक्यावरून खांद्यांवर सोडावयाचा, अशी ही युक्ती होती. ती गोचिडीसाठी नव्हती, डास व चिलटांसाठी होती. परंतु तिच्यातील तत्त्व नवे होते. जाळीची भोके बंद करण्याचे कारण राहिले नाही. अडविण्याचे काम धाग्याकडून काढून घेऊन ते धाग्यात मुरलेल्या द्रव्याकडे सोपविण्यात आले.

या तत्त्वाचा मोठ्या प्रमाणावर प्रथम उपयोग झाला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि तोही गोचिडीच्या एका सूक्ष्म भाऊबंदाविरुद्ध. न्यू गिनी व ब्रह्मदेश येथील आघाड्यांवर स्क्रब टायफस या ज्वराने दोस्त सैन्याला ग्रासले होते. गवतात व झुडपांत राहणाऱ्या माइट नामक अतिसूक्ष्म अष्टपाद जीवाच्या पिलांच्या दंशाने हा रोग होतो. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या हिंदी सैन्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्याही पलटणी होत्या, म्हणजे या इतिहासाशी मराठी माणसाचा संबंध येथपासूनच येतो. स्क्रब टायफसवर गुणकारी ठरलेले क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८ मध्ये क्वालालंपूर येथील प्रयोगांत पारखले गेले. युद्धकाळात ते नव्हते. साहजिकच सारा भर प्रतिबंधावर होता.

ऑस्ट्रेलियन सैन्यातील कीटकशास्त्रज्ञ आर. एन. मॅक्कुलॉक यांनी या काळात दाखवून दिले की, डायब्युटिल थॅलेट हा द्रव कपड्यांना चोळल्यास त्यावर येणारे माइट मरतात. डास दूर ठेवण्यासाठी त्वचेला लावावयाचे डायमिथिल थॅलेट त्यापूर्वीच प्रचारात होते. नव्या द्रवाचा विशेष हा की, तो पाण्यात अत्यल्प विरघळत असल्याने कपडा भिजला वा धुतला तरी त्याचा प्रभाव काही काळ टिकून राही. सैनिक तो हातावर घेऊन सदऱ्याला, विजारीला व मोज्यांना चोळीत असत. कृती इतकी साधी असूनही तिचे यश शिस्तीवर अवलंबून होते. कपडे पुरविणारा एकच, द्रव पुरविणाराही तोच, आणि तो चोळला की नाही हे पाहणारा अधिकारीही उपस्थित. वस्त्रसंस्काराची पद्धत अशा व्यवस्थेत जन्मास आली, आणि या जन्मखुणा पुढेही तिच्या अंगावर राहिल्या.

युद्धोत्तर काळात अमेरिकन सैन्याने ‘एम-१९६०’ या नावाचे मिश्रण स्वीकारले. त्यात तीन क्रियाशील द्रव्ये प्रत्येकी शेकडा ३० या प्रमाणात होती आणि उरलेला शेकडा १० हा अंश त्यांना पाण्यात मिसळण्यास साहाय्य करणाऱ्या पदार्थाचा होता. एक द्रव्य डासांसाठी, दुसरे पिसवा व माइट यांसाठी आणि तिसरे, ब्युटिलअ‍ॅसिटॅनिलाइड, हे विशेषतः गोचिडींसाठी योजिलेले होते. मिश्रण प्रभावी होते, परंतु त्याला उग्र दर्प होता, त्याने त्वचेचा दाह होई आणि धुलाईत ते लवकर निघून जाई. जे वस्त्र अंगावर वागविणे नकोसे होते त्यापासून रक्षण होत नाही, कारण माणूस ते टाळण्याचे निमित्त शोधतो.

ही अडचण दूर होण्यास एका फुलाचा आधार मिळाला. डाल्मेशिया प्रांतातील शेवंतीच्या कुळातील पांढऱ्या फुलांची पूड कीटक मारते, हे एकोणिसाव्या शतकातच सर्वज्ञात झाले होते. या पुडीतील पायरेथ्रिन ही द्रव्ये कीटकांना मारक व सस्तन प्राण्यांना तुलनेने सौम्य असतात. त्यांचा दोष एकच होता : सूर्यप्रकाशात ती अल्पावधीत निकामी होत. उन्हात वावरणाऱ्या माणसाच्या कपड्यांना त्यांचा काय उपयोग? इंग्लंडमधील रॉथमस्टेड प्रयोगकेंद्रात मायकेल इलियट व त्यांचे सहकारी यांनी या द्रव्यांच्या रेणुरचनेत फेरफार करून १९७३ मध्ये पर्मेथ्रिन हे प्रकाशात टिकणारे संयुग सिद्ध केले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला फारसा वास नाही आणि ते धाग्याला घट्ट धरून राहते. त्वचेतून ते अत्यल्प प्रमाणात शोषले जाते.

पर्मेथ्रिनची क्रिया पूर्वीच्या द्रव्यांहून भिन्न आहे. पूर्वीची बरीच द्रव्ये आपल्या दर्पाने कीटकाला दूर ठेवीत. पर्मेथ्रिन गोचिडीला दुरून परतवीत नाही. ती वस्त्रावर चढते, चालू लागते आणि तिच्या पायांतून हे द्रव्य तिच्या शरीरात शिरते. मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडेच राहिल्याने तिच्या हालचालींतील सुसूत्रता नष्ट होते. तापल्या तव्यावर पाय पडल्याप्रमाणे ती अस्वस्थ होऊन गळून पडते, व संपर्क पुरेसा झाला असल्यास मरते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : गोचिडीने त्वचेपर्यंत पोहोचण्यापूर्वी वस्त्रावरून काही अंतर चालले पाहिजे. ही अट वरवर क्षुल्लक भासली तरी पुढील विवेचनात तिला महत्त्व आहे.

१९७५ च्या सुमारास अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील लाइम परिसरात सांधेदुखीचा एक विशिष्ट रोग ध्यानात आला. १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी त्याचा जंतू गोचिडीत दाखविला. त्यामुळे गोचिडीचे भय सैन्याच्या छावण्यांतून नागरी वस्त्यांत आले. १९८० नंतरच्या दशकात पर्मेथ्रिनयुक्त लष्करी कपड्यांच्या चाचण्या अनुकूल ठरल्या आणि १९९० च्या सुमारास अमेरिकन सैन्याला असे गणवेश वापरण्याची अनुमती मिळाली. त्यांच्या आरोग्यविषयक परिणामांचा स्वतंत्र आढावा राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये घेतला. २००३ पासून कारखान्यात संस्कार केलेले कपडे तेथील सामान्य नागरिकांनाही मिळू लागले. त्यांचा परिणाम सुमारे ७० धुण्यांपर्यंत टिकतो असे उत्पादक सांगतात. घरी फवारावयाच्या शेकडा ०.५ तीव्रतेच्या द्रवाचा परिणाम मात्र काही आठवडेच राहतो. या द्रव्याचे अवगुणही दुर्लक्षणीय नाहीत. मासे, मधमाश्या व मांजरे यांना ते अत्यंत विषारी आहे. म्हणून ओला कपडा वाळेपर्यंत मांजरापासून दूर ठेवावा आणि उरलेला द्रव ओढ्यात ओतू नये, हे नियम काटेकोरपणे पाळावयाचे असतात.

हा इतिहास परदेशातील असला तरी त्याची कसोटी सह्याद्रीच्या परिसरात लागते. एम-१९६० प्रचारात आले त्याच दशकात, मार्च १९५७ मध्ये, तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात क्यासनूर अरण्यात माकडे मरू लागली आणि त्याच सुमारास भोवतालच्या गावांत तीव्र ज्वराची साथ आली. १९५२ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या विषाणु-संशोधन केंद्राने (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) टेलफर्ड वर्क यांच्या मार्गदर्शनाखाली तपास केला. प्रथम पीतज्वराची शंका होती. प्रत्यक्षात सापडलेला विषाणू रशियन मेंदुज्वराच्या विषाणूचा निकटचा आप्त निघाला. त्याची प्रमुख वाहक हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड होय. रोग्यांपैकी शेकडा तीन ते पाच दगावतात. मराठीत या रोगाला ‘माकडताप’ हे नाव रूढ झाले आहे.

हे नाव सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. माकड हे मनुष्याप्रमाणेच या रोगाचे भक्ष्य आहे. जॉर्ज बोशेल यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार अरण्यतोड व रानात चरावयास नेलेली गुरे यांमुळे या गोचिडीची वाढ होते, कारण तिची प्रौढ अवस्था गुरांच्या रक्तावर पोसली जाते. म्हणजे जुना ‘गोचीड’ हा शब्द येथे नव्या नावापेक्षा वस्तुस्थितीला अधिक जवळचा ठरतो. गुरांमागून रानात जाणारा गुराखी, सरपण आणणारी स्त्री, पालापाचोळा गोळा करणारा शेतकरी हे गोचिडीच्या अल्पवयीन रूपाच्या तावडीत सापडतात. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली येथे आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात साथ आली, तेव्हा काजूच्या बागांत राबणारी माणसे तिला विशेषत्वाने बळी पडली. काजू वेचण्याचा हंगाम आणि या गोचिडींच्या सुळसुळाटाचे महिने एकच आहेत.

पर्मेथ्रिनच्या क्रियेस लागणारी अट येथे आठवावी. गोचीड पाचोळ्यातून पायावर चढते. सैनिकाच्या पायावर बूट, मोजे व विजार असते. ती त्यांवरून चालते आणि गळून पडते. काजूच्या बागेत वाकून काम करणाऱ्या माणसाचे पाय अनेकदा अनवाणी वा केवळ चपलेत असतात. लुंगी गुडघ्यावर दुमडलेली असते, लुगडे वर खोचलेले असते. तेथे गोचीड प्रथम त्वचेलाच भेटते आणि वस्त्र लागते ते मागाहून. ज्या वस्त्रावर विष चढवावयाचे ते दंशाच्या वाटेवर नसेल, तर उत्कृष्ट कीटकनाशकही निरुपयोगी ठरते. या प्रदेशातील प्रतिबंधयोजनेत भर देण्यात आला तो त्वचेला लावावयाच्या द्रव्यांवर, प्रथम डायमिथिल थॅलेट व अलीकडे संरक्षण-संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘डेपा’ तेल यांवर. मेलेल्या माकडाच्या भोवती सुमारे ५० फुटांपर्यंत कीटकनाशक भुकटी टाकण्याची प्रथाही आहे. यांपैकी तेल घामाने निथळते व रोज लावावे लागते. भुकटी तेवढ्याच जागेपुरती असते. वस्त्रसंस्काराचा टिकाऊपणा दोहोंतही नाही.

यावरून ही पद्धत येथे अनुपयुक्त आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तिच्यातील रसायन सिद्ध झालेले आहे. राहिलेला प्रश्न वस्त्राचा आहे : उष्ण हवेत घालता येईल, वाकून-बसून काम करताना अडथळा होणार नाही, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग झाकेल, विहिरीवर वा ओढ्यावर धुतला तर पाण्यातील जीवांना अपाय होणार नाही आणि ज्याची किंमत मजुराला झेपेल, असा पायवेष्टणाचा प्रकार कोणता? याचे उत्तर केवळ रसायनशाळेत सापडणारे नाही. त्यासाठी दोडामार्ग, सत्तरी व सोरब येथील माणसे माघ-फाल्गुनात काय नेसतात, रानात किती वेळ बसतात आणि कपडे कोण व कोठे धुते, याची पाहणी कीटकशास्त्रज्ञाला आपल्या अभ्यासाचाच भाग मानावी लागेल. १९४४ च्या सुमारास ब्रह्मदेशात हे सारे विचारण्याची गरज पडली नाही, कारण उत्तर गणवेशाच्या रूपाने आधीच ठरलेले होते. काजूच्या बागेत ते अद्याप ठरावयाचे आहे.