परवान्याविना लहरींची कुळकथा

वाशिम जिल्ह्यातील एखादी शाळा, पतसंस्था, रुग्णालय किंवा नगर परिषदेची कचेरी वायफायचा राउटर बसवते, तेव्हा रेडिओलहरी प्रक्षेपित करण्याचा परवाना मागायला कोणीही जात नाही. भारतीय कायद्याच्या दृष्टीने मात्र ही मोकळीक म्हणजे मूळ नियम नसून त्याला केलेला अपवाद आहे, आणि त्या अपवादाचे बीज वायफायच्या जन्माआधी सहा दशके संमत झालेल्या एका कायद्यात सापडते.

१८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारयंत्रणा उभारण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे राखून ठेवला होता. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र मुंबईत सुरू झाले, तेव्हा या व्यवस्थेतील उणीव उघडी पडली. कंपनीचे उत्पन्न श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर अवलंबून होते, परंतु बिनपरवाना ऐकणाऱ्याला पकडायचे तर त्याने यंत्र वापरल्याचे सिद्ध करणे भाग होते, आणि बंद दाराआड कोण काय ऐकतो याचा पुरावा मिळणे जवळजवळ अशक्यच होते. १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि प्रक्षेपणाचा भार सरकारवर आला. त्यानंतरच्या १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने, जो १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला, वापराचा प्रश्न बाजूला सारून केवळ यंत्र जवळ बाळगणे हाच परवान्याचा विषय केला. पहिल्या अपराधास शंभर रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येकास अडीचशे रुपयांपर्यंत दंड ठरला. लहरींचे नियमन म्हणून ओळखला जाणारा हा कायदा अशा रीतीने मुळात वसुलीच्या अडचणीतून जन्मला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

वाशिम ज्या वऱ्हाडात मोडते तेथे परिस्थिती आणखी गुंतागुंतीची होती. १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हाती असला, तरी वऱ्हाडावरील सार्वभौमत्व नाममात्र का होईना निजामाचेच राहिले होते आणि हा प्रदेश कायदेशीर अर्थाने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हता. त्यामुळे केंद्रीय कायदे येथे वेगळ्या आदेशाने लागू करावे लागत. हा गुंता पुष्कळ अंशी सोडवण्यासाठी १९४१ चा बेरार लॉज ॲक्ट करावा लागला.

१९३३ च्या कायद्याचे चौथे कलम त्या काळी फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे. विशिष्ट व्यक्तींना, व्यक्तिवर्गांना किंवा विशिष्ट प्रकारच्या यंत्रांना अटींसह सूट देण्याचा अधिकार ते केंद्र सरकारला देते. टपाल कचेरीत दरवर्षी भरायचा रेडिओचा परवाना १९८० च्या दशकाच्या मध्यास इतिहासजमा झाला, पण प्रक्षेपण करणाऱ्या यंत्रांवरचे बंधन कायम राहिले.

दरम्यान जगात वेगळीच घडामोड चालली होती. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेने लहरींचे काही पट्टे औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी, म्हणजे संदेशवहनाशी संबंध नसलेल्या कामांसाठी, राखले. त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा पुढे मायक्रोवेव्ह भट्टीच्या गोंगाटाने भरून गेला. तो संदेशांसाठी मोलाचा राहिला नव्हता, म्हणूनच १९८५ मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी परवान्याविना वापरायला जे पट्टे खुले केले त्यांत त्याचाही समावेश झाला. १९९७ मध्ये वायफायचे पहिले मानक तेथेच उभे राहिले. भारतात जानेवारी २००५ मध्ये त्याच चौथ्या कलमाच्या आधारे नियम निघाले आणि २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे परवानामुक्त झाली. प्रक्षेपकाची शक्ती १ वॉटपर्यंत, अँटेना लहरी एका दिशेस एकवटते हे लक्षात घेऊन मोजलेली परिणामी शक्ती ४ वॉटपर्यंत, आणि अँटेनाची उंची अधिकृत इमारतीच्या छतापासून ५ मीटरांच्या आत, अशा त्याच्या मर्यादा होत्या. याखेरीज परवानाधारकाला अडथळा करायचा नाही आणि आपल्याला अडथळा झाल्यास संरक्षण मागायचे नाही, ही अट होती. शेजारच्या दोन कचेऱ्यांचे राउटर एकमेकांच्या आड आले तर कोणालाच दाद मागता येत नाही, याचे कारण या अटीत आहे.

५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील सूट मात्र त्याच वेळी इमारतीच्या आतल्या वापरापुरती ठेवली गेली. ‘आत’ या संज्ञेत व्यक्तीच्या किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या सलग आवाराचाही समावेश होता. परिणामी एखाद्या महाविद्यालयाचे दोन इमारतींमधले उघडे मैदान कायद्याने ‘आत’ ठरे, तर सार्वजनिक रस्त्यापलीकडे असलेले त्याचेच वसतिगृह सलग आवारात बसत नसे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने हा भेद मोडीत काढला, पट्टा विस्तारला आणि उघड्यावरील वापरही मोकळा केला.

यंत्र मोकळे झाल्यावर नियमांचा रोख वापरणाऱ्याकडे वळणे अपरिहार्य होते. २००८ मधील अहमदाबाद आणि दिल्लीच्या बॉम्बस्फोटांशी संबंधित ईमेल नवी मुंबई आणि मुंबई येथील इतरांच्या असुरक्षित वायफायवरून धाडले गेल्याचे तपासात आढळले. त्यानंतर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये सुरक्षित वापराच्या सूचना काढल्या आणि सार्वजनिक ठिकाणी वायफाय देताना ओळख पटवणे आवश्यक केले. मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाने प्रवेश देण्याची आजची पद्धत त्या परंपरेतली आहे.

सूट मिळालेल्या यंत्रांचा परिवार आता मोठा आहे. कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या टोल नाक्यावर फास्टॅग वाचणारे यंत्र ८६५ मेगाहर्ट्‌झजवळच्या पट्ट्यात चालते, आणि तो पट्टा अशा ओळखचिठ्ठ्यांसाठी २००५ मध्येच परवानामुक्त झाला होता. मंगल कार्यालयात किंवा गोदामात वापरता येईल असा कमी शक्तीचा वॉकीटॉकी २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झमध्ये परवान्याविना चालतो. पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग वापरतो ती यंत्रणा अर्थातच या सवलतीत येत नाही.

२०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ व १९३३ चे दोन्ही कायदे रद्द ठरवले आणि त्याची काही कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. परंतु रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत मान्यता हवी, हे मूळ तत्त्व त्यातही टिकून आहे. त्यामुळे जाड भिंतींच्या कचेरीत मोबाइलची रेंज वाढावी म्हणून परस्पर विकत आणलेला बूस्टर बसवणे हा अपराध ठरतो, कारण तो मोबाइल कंपन्यांना दिलेल्या पट्ट्यात प्रक्षेपण करतो, आणि त्याच भिंतीवरचा राउटर मात्र निर्धोक असतो.